खालच्या मजल्यावरची पाठदुखी

अक्कांची पाठ दुखायला लागली ती पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर. नक्की कधी ते सांगता येणार नाही, कारण तेव्हा मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. एका सकाळी कामावर निघताना मी जिना उतरले, तर अक्का व्हरांड्यातल्या खांबाला पाठ टेकवून उभ्या होत्या आणि हलकेच डावी-उजवीकडे घासत होत्या.

"काय झालं अक्का?"

"कांहीं नाहीं मा. परवां इडलीचा दगडी ग्राइंडर उचलला, तेव्हां धरलीय."

"बाम लावा," मी म्हटलं आणि बस पकडायला पळाले.

मी मूळची कराडची. नोकरीसाठी चेन्नईत आले आणि टी. नगरच्या एका गल्लीत अक्कांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. अक्का तंजावरच्या मराठी कुटुंबातल्या. त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. त्यांची मराठी जुन्या पत्रातल्यासारखी, पण हेल तमिळ आणि दर दोन वाक्यांनी एक तमिळ शब्द; मला 'मा' म्हणायच्या, आपण 'बाळ' म्हणतो तसं. पहिले काही महिने मला निम्मं कळायचंच नाही. पुढे कान तयार झाला. यजमान वारलेले, मुलगा हैदराबादला. स्वतः वीज मंडळाच्या तक्रार कक्षात आयुष्यभर फोन घेऊन निवृत्त झालेल्या. त्यामुळे कुणाशीही बोलताना आधी प्रश्न विचारायची सवय. कुठे, कधीपासून, किती वेळाने. मी आजारी पडले की माझीही तक्रार अशीच नोंदवून घ्यायच्या.

स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र त्या कुणाला काही विचारू देत नसत.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण त्यावाचून ही गोष्ट मला इतकी का लागली ते कळणार नाही. पेरुंगुडीला एका प्रयोगशाळेत मी संशोधन करते. स्तनाचा कॅन्सर हाडापर्यंत कसा पोचतो आणि तिथे शरीराच्याच प्रतिकारपेशी त्याला कशा मदत करतात, हा आमचा विषय. हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते सतत मोडत आणि बांधलं जात असतं. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी वेगळ्या, नवं बांधणाऱ्या वेगळ्या. विरघळवणाऱ्या पेशी रक्तातल्या प्रतिकारपेशींच्याच घराण्यातल्या. जंतू गिळणाऱ्या पेशी ज्या मूळ पेशींपासून होतात, त्यांच्यापासूनच ह्याही होतात. कॅन्सरची पेशी हाडाच्या मगजात येऊन बसली की ती इशारे सोडते. कधी ह्या पेशींना थेट, कधी दुसऱ्या प्रतिकारपेशींमार्फत. मग त्या गरजेपेक्षा जास्त हाड खाऊ लागतात. हाडात साठवलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात आणि त्यांवर कॅन्सर आणखी पोसतो. आम्ही हे उंदरांमध्ये बघतो. उंदराचं हाड कापून, रंगवून, काचेवर ठेवून मी दिवसभर त्या पेशी मोजत बसते.

आणि माझ्या पायाखालच्या मजल्यावर एका बाईची पाठ तीन महिने दुखत होती.

मी काय काय बघितलं होतं, ते नंतर मी पुन्हापुन्हा आठवलं. अक्का आडव्या होऊन झोपेनाशा झाल्या होत्या. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला गेले की त्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीतच डोळे मिटून बसलेल्या दिसायच्या. "पडलें की जास्त दुखतं," म्हणायच्या. ग्राइंडर उचलून धरलेली पाठ आडवं पडल्यावर बरी वाटते, जास्त दुखत नाही. हे मला कळायला हवं होतं. कोपऱ्यावरच्या फिजिओथेरपीवाल्याने त्यांना शेक दिला, कमरेचा पट्टा दिला, व्यायाम शिकवले. पट्टा मीच आणून दिला होता.

एप्रिलमधला शनिवार. अक्कांच्या पुतणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला साडी घ्यायची होती. "तूं बरोबर ये मा, रंग तूं बघ," म्हणाल्या. दुकान घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्या दिवशी आम्हांला पंचवीस मिनिटं लागली. मी उन्हाला दोष दिला. दुकानाच्या तिसऱ्या पायरीवर अक्कांचा उजवा पाय वर आलाच नाही. त्यांनी पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग साडी वर धरून हाताने मांडी उचलली आणि पाय पायरीवर ठेवला.

आत जाऊन मी त्यांना स्टुलावर बसवलं. विक्रेत्या बाईने पाणी आणून दिलं. समोर साड्यांचा ढीग पडायला लागला होता.

"अक्का, पाय कधीपासून असा?"

"काल सांजेपासून जड वाटतोय. ओली वाळू भरल्यासारखा."

"आणि पाठ? नेमकी कुठे?"

त्यांनी छातीच्या जरा खाली बोट फिरवलं. "इथून पुढें. पट्टा आवळल्यासारखं, भोंवतीं अस्कं." अस्कं म्हणजे सगळं.

मी हा प्रश्न का विचारला ते मला माहीत आहे. तो तीन महिन्यांपूर्वी का विचारला नाही, ते माहीत नाही.

"अक्का, तुमचं कधी मोठं ऑपरेशन झालं होतं का?"

"झालं ना. नऊ वर्षं झालीं. उजवी बाजू काढली." दात काढल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि समोरच्या बाईला तमिळमध्ये म्हणाल्या, तो मोरपिशी दाखव.

तीन वर्षं मी त्यांच्या घरी जेवत होते. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. पदर नेहमी तसा घट्ट लपेटलेला का असतो, हा प्रश्नही मला कधी पडला नव्हता.

त्यांच्या कानाशी वाकून मी विचारलं, "लघवीला कधी गेला होता?"

"हें काय विचारणं दुकानांत?"

"अक्का, सांगा."

"सकाळपासून नाहीं. बसलें, पण येतच नाहीं."

मी उभी राहिले आणि विक्रेत्या बाईला म्हटलं, आम्ही निघतो. अक्का चिडल्या. साडी घेतल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. शेवटी दुकानातल्या दोन बायकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून रिक्षापर्यंत आणलं, कारण तोवर डावा पायही नीट साथ देईना.

रिक्षात बसल्यावर त्यांनी ड्रायव्हरला घरचा पत्ता सांगितला. मी हॉस्पिटलचं नाव सांगितलं. तो आरशातून आमच्याकडे बघत राहिला.

"मी येत नाहीं. सोमवारीं बघूं."

"सोमवारपर्यंत थांबता येणार नाही, अक्का."

"कां? काय झालंय मला?"

पुढे बस आडवी उभी होती, मागे हॉर्न वाजत होते, फुटपाथवरची माणसं रस्त्यावर सांडली होती. एक एक मिनिट जात होतं आणि माझ्या डोक्यात फक्त एक चित्र होतं, पोखरून खचलेला मणका आणि त्याच्यामागे दाबला जाणारा मज्जारज्जू. उंदरांमध्ये मी ते पाहिलं होतं. आज मागचे पाय ओढत चालणारा उंदीर उद्या अजिबात चालत नाही, आणि मग कधीच नाही.

"तुमचे पाय वाचवायचेत," मी म्हटलं. "आज. आत्ता."

थोड्या वेळाने अक्का ड्रायव्हरला तमिळमध्ये म्हणाल्या, "ती म्हणते तिथें चल."

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होता. त्याने पाठ दाबून पाहिली, एक्स-रे लिहून दिला, वेदना थांबवायचं इंजेक्शन सांगितलं आणि म्हणाला, वयाप्रमाणे हाडं झिजलीत, सोमवारी ओपीडीत दाखवा.

"ह्यांना नऊ वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता," मी म्हटलं. "लघवी अडलीय, पाय जड झालेत. एमआरआय करा. आज."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

"मी ह्यावर काम करते. उंदरांवर."

तो हसला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसण्यासारखंच होतं. शनिवारी दुपारनंतर मशीन फक्त अपघाताच्या पेशंटसाठी असतं, आज यादी भरलीय, वगैरे तो सांगू लागला. मी आयुष्यात कधी कुणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडत होती, मला ते कळतसुद्धा नव्हतं. आवाज ऐकून पडद्यामागून एक वयस्क डॉक्टर बाई आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. अक्कांची चप्पल काढली, हातातल्या किल्लीने तळव्यावर रेघ ओढली. अंगठा खाली वळायला हवा होता, तो वर गेला. मग त्या म्हणाल्या, बोटं हलवा. डाव्या पायाची बोटं हलली. उजव्या पायाची नाही.

"हलवतेय ना," अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे छताकडे होते. पाय हलत नाही, हे त्यांना दिसत नव्हतं.

त्यानंतर सगळं झपाट्याने झालं. स्टेरॉइडचं इंजेक्शन, लघवीची नळी, स्ट्रेचर, एमआरआय. मी अक्कांच्या मुलाला फोन केला. आमची तोंडओळख होती. दिवाळीला यायचा तेव्हा तो जिन्यात नमस्कार करायचा. मी त्याला काय झालंय ते सांगितलं. तो म्हणाला, "मी पहिल्या विमानाने येतो. अम्माला काही सांगू नका. कॅन्सर हा शब्द तिच्यासमोर काढू नका."

मी हो म्हटलं. त्या वेळी कशालाही हो म्हटलं असतं.

डॉक्टर बाईंनी मला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. पाठीचा एक मणका खचून चपटा झाला होता आणि त्याच्या मागच्या बाजूने काहीतरी मज्जारज्जूवर चेपलं होतं. वर आणि खाली आणखी दोन मणक्यांमध्ये ठिपके. मी काचेवर जे बघते तेच होतं, फक्त माणसाच्या मापाचं. "आज संध्याकाळीच ऑपरेशन करावं लागेल," त्या म्हणाल्या. "उद्या आला असतात तर मी पायांबद्दल काहीच बोलले नसते."

ऑपरेशन पाच तास चाललं. मज्जारज्जूवरचा दाब काढला, वरच्या-खालच्या मणक्यांना सळ्या बसवून आधार दिला आणि तुकडा तपासायला पाठवला. मी बाहेर बाकावर बसले होते. मुलगा आला तेव्हा त्याच्या शर्टला ऑफिसचं ओळखपत्र तसंच अडकवलेलं होतं. शेजारी बसला. मी सगळं सांगितलं, ग्राइंडर, बाम, पट्टा, खुर्ची. तो ऐकत होता. मग त्याने शांतपणे विचारलं, "तुम्ही ह्याच आजारावर संशोधन करता ना?"

"हो."

"आणि तुम्ही तीन महिने वरच राहत होता."

मला वाटतं त्याला मला दुखवायचं नव्हतं. त्याला फक्त कुणालातरी विचारायचं होतं, आणि त्या बाकावर मीच होते. आणि तो दर रविवारी फोनवर हेच ऐकत होता, पाठ दुखतेय, बाम लावलाय. तेही त्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी अक्का शुद्धीवर नीट आल्या. मुलगा डॉक्टरांना भेटायला गेला होता आणि मी उशी सारखी करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"फॉल्ट कुठें आहे?"

"पाठीत, अक्का. एक मणका खचला होता. आता सळ्या घातल्यात."

"तो कळला मला. तो कां खचला?"

"हाडं ठिसूळ झाली होती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं फोनवर लोकांच्या थापा ऐकलेली बाई होती ती. "मा, त्यानं तुला सांगूं नको म्हटलंय. होय कीं नाहीं?"

मला रडू आलं आणि त्याचंच उत्तर झालं.

"जुनंच आहे?"

"हो अक्का. जुनंच परत आलंय. हाडात."

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. पंख्याकडे नजर लावली. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं होतं कुठें?"

"बहुतेक तिथेच. हाडाच्या आतल्या मगजात. थोड्या पेशी निजून राहिल्या असतील. शरीरातल्या काही पेशी राखण करतात, त्यांना उठू देत नाहीत. मग कधीतरी ते सुटतं. का सुटतं ते आम्हांला अजून नीट कळलेलं नाही."

"आणि हाड कुणीं खाल्लं? त्यांनीं?"

"नाही. तुमच्याच पेशींनी. त्यांचं कामच जुनं हाड काढायचं. ह्यांनी त्यांना चुकीचे इशारे दिले."

"माझ्याच पेशींनीं." एवढंच म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी त्या वेळी घाबरले. वाटलं, सांगायला नको होतं.

मुलगा दारात उभा होता. कधी आला होता कोण जाणे. मला बाहेर घेऊन जात म्हणाला, "मी तुम्हांला एकच गोष्ट सांगितली होती."

आतून अक्कांनी त्याला हाक मारली. मी बाहेरच थांबले, पण दार उघडं होतं. त्या त्याच्याशी तमिळमध्ये बोलत होत्या, आवाज बारीक पण कडक. मला कळलं ते असं की, ज्याच्या घरची वीज गेलीय त्याला वीज कशाने गेली ते सांगावंच लागतं, नाहीतर तो अंधारात पायरी चुकून पडतो. मग त्याच्या रडण्याचा आवाज आला आणि मी जिन्याकडे निघून गेले.

पाय एकदम परत आले नाहीत. तपासणीत कॅन्सर जुनाच निघाला, हॉर्मोनवर वाढणारा, त्यामुळे त्याला रोजची गोळी होती. पाठीला रेडिएशन झालं. हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालणारं इंजेक्शन सुरू झालं, दर महिन्याला एक. वॉकर, मग काठी. मुलाने हैदराबादच्या ऑफिसकडून तीन महिने घरूनच काम करायची परवानगी मिळवली आणि तो खालच्या खोलीत राहिला. आम्ही आळीपाळीने अक्कांना व्हरांड्यात चालवायचो. तो आणि मी एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. जुलैच्या सुमारास अक्का एकट्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. त्या दिवशी त्याने वर येऊन माझं दार ठोठावलं, हातात कॉफीचा टंबलर होता. तो मला देऊन खाली गेला.

पुढे अक्कांचा एक दात दुखायला लागला आणि डॉक्टरांनी तो काढू दिला नाही. इंजेक्शन चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, कधी कधी सडतं. अक्का वैतागल्या. "पाठीसाठीं इंजेक्शन, आणि दात काढायचा नाहीं? हें कसलें?" त्यांना कारण समजावून घ्यायचं होतं. एका शनिवारी मी त्यांना टॅक्सीने पेरुंगुडीला घेऊन गेले. मार्गदर्शकांची परवानगी घेतली होती. सूक्ष्मदर्शकासमोर त्यांना उंच खुर्चीवर बसवलं. पाठ सळ्यांमुळे वाकत नव्हती, म्हणून मी खुर्चीच वर-खाली केली.

"काय दिसतंय?"

"निळंसर कांहीं. आणि कडेला लाल, मोठ्या. जांभळाच्या रसासारख्या."

"त्याच."

"ह्या?" त्या कितीतरी वेळ बघत होत्या. "एकीला इतक्या बिया?"

"ती केंद्रकं. अनेक पेशी एकत्र मिळून एक झालेल्या असतात, म्हणून. हाडाला चिकटून बसल्यात बघा. खालचा खड्डा त्यांनीच केलाय."

"माझं इंजेक्शन ह्यांनाच थांबवतं?"

"हो."

"अस्क्यांनाच? वाईट तेवढ्यांना नाहीं?"

"अजून तरी सगळ्यांनाच."

त्यांनी डोळा काचेवरून काढला आणि माझ्याकडे बघितलं. "मग दात काढल्यावर मोडकं हाड साफ कोण करणार?"

आमच्या बैठकांमध्ये लोकांनी ह्याहून वाईट प्रश्न विचारलेले मी ऐकले आहेत. "कुणी नाही," मी म्हटलं. "म्हणूनच थांबायला सांगितलंय."

"सरी," बरं अशा अर्थी अक्का म्हणाल्या. "हें आधीं सांगायला काय झालं होतं त्यांना?" आणि पुन्हा डोळा काचेला लावला.

ह्या सगळ्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. मागच्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये कमरेच्या हाडात एक नवा ठिपका दिसला. रिपोर्ट मुलाच्या मेलवर आला. त्याने आधी मला फोन केला. हे किती वाईट आहे, असं त्याने विचारलं. मी जितकं मला माहीत होतं तितकं सांगितलं, की गोळी बदलतील, पुढे औषधं आहेत, किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही.

"अम्माला तुम्ही सांगाल?"

मी काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "नको. मीच सांगतो. तुम्ही फक्त तिच्याजवळ बसा."

मी खाली गेले. अक्का स्वयंपाकघरात स्टुलावर बसून शेवग्याच्या शेंगा तोडत होत्या. फोन वाजला. त्यांनी तो कानाशी धरला आणि ऐकत राहिल्या. शेंगेचा तुकडा हातात तसाच होता. मला त्याचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं. मग, "डॉक्टर कधीं भेटणार?"

"सरी, कण्णा," शेवटी म्हणाल्या. "सापिट्टिया?"

बरं बाळा, जेवलास का, असं त्या विचारत होत्या. त्याने काहीतरी सांगितलं असावं, कारण त्या रागावल्या. आधी जेव, मग बोल, असं तमिळमध्ये बजावून त्यांनी फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा माझ्यासमोर सरकवल्या.